आधी घर की आधी गाव?



मागच्या रविवारी मिस्सानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या एका मुलाने मला गाठले. त्याने टीव्हीवर एक सिनेमा पाहिला होता. परग्रहावरचे लोक पृथ्वी काबीज करतात आणि एक साधा बाप लढणाऱ्यांचा पुढारी होतो. मुलाने विचारले, "फादर, तो लढायला गेला आणि मागे त्याच्या पोरांचे हाल झाले, तर पाप कुणाला?" "पुढच्या रविवारी सांगतो," म्हणून मी वेळ मारून नेली. आज शब्द पाळतो.

त्यासाठी परग्रहाकडे पाहायला नको. असा बाप आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात होऊन गेला. वाळवा तालुक्यातील येडेमच्छिंद्रचे नाना पाटील. जन्म १९०० चा. पेशाने तलाठी, म्हणजे सरकारचाच माणूस. १९३० साली राजीनामा देऊन ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९४२ नंतर भूमिगत राहून त्यांनी सहकाऱ्यांसह तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे केले. इंग्रजांच्या कचेरीऐवजी लोक आपले तंटे या सरकारच्या न्यायमंडळापुढे नेऊ लागले. तिथल्या शिक्षा कठोर होत्या. त्या सगळ्यांचे समर्थन मी करणार नाही. पण परक्या सत्तेपुढे माणसे ताठ उभी राहिली, हे खरे.

नानांना एक मुलगी होती, हौसाबाई, १९२६ ची. ती तीन वर्षांची असताना आई वारली. पुढे सरकारने घर-जमीन जप्त केली. आजी आणि नातीची अन्नान्न दशा झाली. आजी उंबराची कच्ची फळे आणून शिजवायची. सरकारच्या धाकाने लोक मदतीला कचरत. शेवटी मुलीच्या मामांनी बैलजोडी आणि गाडी दिली. माल वाहून चार पैसे मिळू लागले.

सेमिनरीत आम्हाला संत थॉमस अक्वायनस शिकवले. ते म्हणतात, प्रेमाला क्रम असतो. जवळच्यांचा हक्क आधी. पण परका जिवाच्या संकटात असेल आणि घरच्यांना तेवढी गरज नसेल, तर परक्याला आधी हात द्यावा. परीक्षेत हे लिहून मी गुण मिळवले. उंबरे खाणाऱ्या मुलीपुढे मात्र ते उत्तर अपुरे पडते, कारण गरज तिलाही होतीच. मक्काबीच्या पहिल्या ग्रंथातील मत्तथिया डोंगरात गेला, तेव्हा त्याचे पाचही मुलगे त्याच्यासोबत होते. नानांची हौसा लहान होती. तिला कुणी विचारले नव्हते.

मोठी झाल्यावर हौसाताई स्वतः या लढ्यात उतरल्या. २०२१ साली वारल्या, तोवर वडिलांचे नाव अभिमानाने सांगत राहिल्या. पण लेकीने अभिमान बाळगला म्हणून लहानपणची भूक खोटी ठरत नाही.

तर बाळा, माझे उत्तर असे. पहिले पाप ज्याने जुलूम केला आणि घराला कुलूप घातले त्याचे. बापावर ओझे राहतेच. चांगले काम करतो म्हणून पोरांची जबाबदारी सुटत नाही. पण तिसराही एक हिस्सा आहे आणि तो आपला. एक माणूस सगळ्यांसाठी बाहेर पडतो, तेव्हा त्याची चूल सगळ्या गावाची होते. गावाने दार लावून घेतले, तर त्या उपासमारीत गावाचाही वाटा असतो.

आपल्यापैकी फारच थोडे जण नाना पाटील होतील. पण मामा होणे कुणालाही जमेल. आपल्या मंगळवार पेठेतही कुणी गुंडाविरुद्ध साक्ष देतो, कुणी कामगारांच्या पगारासाठी भांडून नोकरी गमावतो. "शाब्बास" म्हणून आपण घरी येतो. त्याच्या मुलांची फी भरली का, घरात धान्य आहे का, हे कोण विचारते?

या आठवड्यात असे एखादे घर आठवा आणि तिथे जाऊन या. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका.

तुमचा धर्मगुरू