आत्मरक्षण आणि दुसरी गोळी

स्वतःचा जीव वाचविण्यासाठी दुसऱ्याचा जीव घ्यावा लागला तर तो गुन्हा होत नाही, एवढे कायद्याचे ज्ञान बहुतेकांस असते. मात्र या वाक्यातील ‘घ्यावा लागला’ या शब्दांकडे जितके लक्ष जावयास हवे तितके जात नाही. हक्क स्मरणात राहतो, त्याची अट विसरली जाते. उत्तर हिंदुस्थानात नोकरीनिमित्त राहिलेल्या आपल्यापैकी अनेकांनी बैठकीच्या भिंतीवर टांगलेली परवान्याची बंदूक पाहिली असेल. ‘चोर घरात शिरला तर त्याला गोळी घालण्याचा मला हक्क आहे,’ असे तिचा मालक निःशंकपणे सांगतो. हे विधान कायद्याने कितपत खरे आहे, आणि जेथे ते कायद्याने खोटे ठरते तेथे नीतीनेही खोटेच आहे काय, याचा थोडा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

या बाबतीत आपला कायदा कृपण आहे असे कोणीही म्हणणार नाही. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली दंडसंहितेचा मसुदा केला, तेव्हा येथील लोक अन्याय फार मुकाट्याने सोसतात असे त्या आयोगाचे मत होते. म्हणून प्रतिकाराच्या हक्कावर अधिक बंधने घालण्यापेक्षा लोकांची हिंमत वाढविणे त्यास इष्ट वाटले. पुढे १८६० च्या संहितेत ९६ ते १०६ ही कलमे आली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली व तीच तत्त्वे ३४ ते ४४ या कलमांत गेली. पहिला घाव अंगावर पडेपर्यंत थांबा, असे ती सांगत नाहीत. घाव पडणार अशी वाजवी भीती उत्पन्न होताच हक्क सुरू होतो. अंगावर धावून येणाऱ्यास पाठ दाखवून पळालेच पाहिजे, असा आग्रहही आपली न्यायालये धरीत नाहीत.

परंतु हा हक्क जसा भीतीबरोबर जन्मतो तसाच तो भीतीबरोबर संपतो. पोलिसांची मदत मिळविण्यास अवसर असेल तर तो मुळी उद्भवतच नाही. बचावास आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याची मुभा नाही. देहरक्षणासाठी प्राण घेण्याचे प्रसंग कायद्याने मोजून दिले आहेत : मृत्यूची वा जबर दुखापतीची भीती, बलात्कार, अपहरण आणि असेच काही, २०१३ साली त्यांत ॲसिडच्या हल्ल्याची भर पडली. मालमत्तेच्या बाबतीत दरोडा वा जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घरास लावलेली आग असे प्रसंग येतात. साध्या चोरीत मृत्यूची किंवा जबर दुखापतीची भीती असेल तरच हा हक्क तेथवर जातो. भरदिवसा अंगणातील सायकल घेऊन पळणाऱ्यास धरावे, सायकल हिसकावून घ्यावी. त्याच्या पाठीत गोळी घालता येत नाही.

जुन्या संहितेच्या ३०० व्या कलमाखाली एक उदाहरण दिलेले आहे. एक मनुष्य दुसऱ्यास चाबकाने मारू पाहतो, पण जबर दुखापत होईल अशा रीतीने नव्हे. दुसरा पिस्तूल काढतो. पहिला तरीही थांबत नाही. मार चुकविण्यास अन्य उपाय नाही अशा प्रामाणिक समजुतीने दुसरा गोळी झाडतो व पहिला मरतो. हा खून नव्हे, असे कायदा म्हणतो. पण तो सदोष मनुष्यवध आहे, असेही म्हणतो. चाबकाचा अपमान मोठा खरा, परंतु अपमानाच्या तागडीत प्राण टाकता येत नाही.

याच्या उलट बाजूचा दाखला २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेल्या पंजाबातील एका खटल्याचा आहे. शेतजमिनीच्या वादात वडिलांच्या डोक्यावर गंडाशाचा घाव बसला आणि मुलाने बंदूक चालविली. उच्च न्यायालयाने मुलास दोषी धरले होते; सर्वोच्च न्यायालयाने त्यास निर्दोष सोडले. संकटात सापडलेल्या मनुष्याच्या प्रतिकाराचे माप सोनाराच्या काट्यावर करता येत नाही, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. आरोपीस आपला बचाव सिद्ध करावा लागतो खरा, पण निःसंशय नव्हे. तो अधिक संभवनीय दिसला तरी पुरते.

मग मर्यादा नेमकी कोठे आहे? आमच्या मते ती भीती आणि क्रोध यांच्या सीमेवर आहे. कायदा भयभीताच्या चुकीस सवलत देतो, संतप्ताच्या सूडास देत नाही. पहिल्या गोळीने हल्लेखोर कोसळला, त्याच्या हातचे शस्त्र सुटले. त्यानंतरची दुसरी गोळी रक्षण करीत नाही, ती शिक्षा करते. आणि शिक्षा करण्याचा अधिकार कोणाही गृहस्थास दिलेला नाही. काठी हळू मारता येते, उगारून थांबविता येते. बंदुकीच्या गोळीस हळू जाणे ठाऊक नसते. म्हणून शस्त्र जितके वेगवान, तितका विवेक आधीच करून ठेवावा लागतो. चाप ओढतेवेळी विचार करू म्हणणाऱ्याने तो कधीच केलेला नसतो.

तथापि, कायद्याची मर्यादा पाळली म्हणजे नीतीचा हिशेब चुकता झाला, असेही आम्हांस वाटत नाही. एखाद्यावर जमाव प्राणघातक हल्ला करीत आहे, गोळी झाडल्यावाचून सुटका नाही, पण जमावात लहान मुले मिसळली आहेत. अशा वेळी गोळी झाडून एखाद्या मुलास इजा झाली तरी तो गुन्हा नव्हे, असे संहितेतच उदाहरण देऊन सांगितले आहे. न्यायाधीशाने याहून वेगळे काय म्हणावे? पण त्या निकालाचा कागद घेऊन घरी आलेल्या मनुष्यास त्या रात्री झोप लागेल काय? लागू नये, असे आम्हांस वाटते. ‘गुन्हा नव्हे’ म्हणजे ‘पुण्य’ नव्हे. कायदा त्यास तुरुंगातून वाचवितो, दुःखातून वाचवीत नाही. आणि ते दुःख ज्यास होते, त्याच्याच हाती बंदूक त्यातल्या त्यात सुरक्षित असते.