आजचं चिंतन: पान, फूल, फळ आणि पाणी (गीता ९.२६)



गेले पाच दिवस चिंतन आलं नाही, त्याबद्दल आधी माफी. काहींनी काळजीने मेसेज केले. सगळं ठीक आहे. मी आणि बायको चार दिवस डॅलसहून मेक्सिकोला गेलो होतो. समुद्रकिनारी पडून राहायचं, एवढाच प्लॅन होता. पण त्यातल्या एका दिवशी जे पाहिलं ते डोक्यातून जात नाहीये. आणि नेमका नववा अध्याय चालू आहे, आजचा श्लोक २६ वा. तेव्हा आजचं चिंतन थोडं लांब होणार. आणि थोडं खाजगीही. हिला विचारूनच लिहितोय.

आधी श्लोकाचा अर्थ. भगवंत म्हणतात, मला कोणी भक्तीने पान दिलं, फूल दिलं, फळ दिलं, किंवा नुसतं पाणी दिलं, तरी शुद्ध मनाने दिलेलं ते मी आवडीने घेतो. बस, एवढंच. लहानपणापासून ऐकलेला श्लोक आहे. मला वाटायचं, आपल्याला कळलाय. कळला नव्हता.

आता थोडी पार्श्वभूमी. आमच्या लग्नाला सात वर्षं झाली. मूल नाही. आयव्हीएफचे तीन प्रयत्न झाले, तिसरा फेब्रुवारीत फसला. या काळात मी काय केलं? इंजिनिअर माणूस, एक्सेल शीट बनवली. नवसांची! खरंच. एक कॉलम तारखेचा, एक नवसाचा, एक स्टेटसचा. चहा सोडला. तुळजापूरला चांदीचा पाळणा बोललो. पायी वारी बोललो. आणि दोघांनी सोमवारचा कडक उपास धरायचा, हेही बोललो. प्रत्येक ओळीपुढे 'पेंडिंग'. रिक्वेस्ट पाठवली की रिस्पॉन्स यायला हवा, हे आमच्या कामाचं सूत्र. फेब्रुवारीनंतर मी देवावर रुसलो होतो. रोज सकाळी तुमच्यासाठी चिंतन लिहीत होतो, पण आतून रुसलो होतो. हे आज पहिल्यांदाच कबूल करतोय.

तर, चिचेन इत्झा. कँकूनहून बसने साधारण अडीच तास. आमचा गाईड पन्नाशीचा, माया वंशाचा. घरी अजूनही माया भाषाच बोलतो. बसमध्येच त्याने सांगितलं, "तुम्ही पुस्तकात वाचलं असेल, माया लोक नाहीसे झाले. मग मी कोण?" सगळे हसले, पण मुद्दा बरोबर होता. शहरं ओस पडली, माणसं आहेत.

त्याने नावाचा अर्थ सांगितला. 'इत्झा लोकांच्या विहिरीच्या तोंडाशी' म्हणजे चिचेन इत्झा. एवढं मोठं शहर, आणि नाव विहिरीवरून! कारण असं, की उत्तर युकातानमध्ये जमिनीवरून वाहणारी नदीच नाही. सगळा चुनखडीचा दगड. पाऊस पडला की पाणी दगडात मुरतं, दगड हळूहळू विरघळवतं आणि जमिनीखाली गुहांमधून वाहतं. एखाद्या गुहेचं छत कोसळलं की वरून खोल, गोल पाण्याचा डोह दिसायला लागतो. त्याला तिथे सेनोते म्हणतात. मूळ शब्द माया भाषेतला, स्पॅनिश लोकांनी तो आपल्या उच्चारात बसवला. नदी नाही, त्यामुळे पिणं, शेती, शहर, सगळं या डोहांवर आणि पावसावर.

मुख्य पिरॅमिड फोटोत आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. कुकुल्कानचं मंदिर. चार बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या आणि वरचा चौथरा धरून ३६५. वर्षाचे दिवस! समोर उभं राहून टाळी वाजवली की पायऱ्यांवरून जो प्रतिध्वनी येतो, तो केत्साल नावाच्या पक्ष्याच्या आवाजासारखा येतो. आम्ही पण लहान मुलांसारख्या टाळ्या वाजवल्या. भिंतींवर ठिकठिकाणी लांब, वाकड्या नाकाचे मुखवटे आहेत. तो पावसाचा देव. नाव चाक. (आपल्या गाडीच्या चाकाशी संबंध नाही, मीही आधी गोंधळलो होतो.)

मग तिथून उत्तरेला, झाडीतून जाणाऱ्या जुन्या रस्त्याने, तो आम्हाला पवित्र सेनोतेपाशी घेऊन गेला. साधारण साठ मीटर रुंदीचा गोल डोह. सरळ तुटलेले कडे आणि खाली हिरवं, हलत नसलेलं पाणी. इथे पोहायचं नाही. शहराचं पिण्याचं पाणीही इथलं नव्हतं, त्याला दुसरा सेनोते होता. हा फक्त देवाला द्यायचा. १९०४ पासून पुढची काही वर्षं एडवर्ड थॉम्पसन नावाच्या अमेरिकन माणसाने यातला गाळ उपसला. हिरवा जेड, सोनं, तांब्याच्या घंटा, कोपाल नावाचा धूप आणि माणसांची हाडं निघाली. पुरुषांची, बायकांची, मुलांची.

गाईडने मग आणखी एक गोष्ट सांगितली. या डोहाजवळच एक भूमिगत टाकं १९६७ मध्ये सापडलं होतं. आपल्या गडांवर असतं ना, पाणी साठवायचं टाकं, साधारण तसं. त्यात लहान मुलांचे सांगाडे होते. त्यातल्या ६४ मुलांच्या हाडांमधला डीएनए तपासून त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आले. चौसष्टच्या चौसष्ट मुलगे. बहुतेक तीन ते सहा वर्षांचे. कित्येक एकमेकांच्या नात्यातले. आणि त्यात एकसारख्या जुळ्यांच्या दोन जोड्या.

जुळी म्हटल्यावर हिने माझा हात धरला. पहिल्या खेपेला डॉक्टरांनी जुळ्यांची शक्यता सांगितली होती आणि आम्ही दोघांनी गुपचूप नावंसुद्धा ठरवून ठेवली होती.

ग्रुपमधलं कोणीतरी म्हणालं, "किती रानटी लोक!" माझ्या तोंडून मात्र काही निघालं नाही. कारण मी लातूरचा आहे. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते शहर माझं. पाऊस येत नाही तेव्हा माणसाच्या पोटात काय होतं, ते मी पाहिलंय. आजीच्या गावात पाऊस लांबला की महादेवाची पिंड पाण्यात बुडवून ठेवायचे. म्हणजे देवालाच कोंडायचं! भीती माणसाला काय वाटेल ते करायला लावते. समोरच्या डोहात मला रानटीपणा कमी आणि भीती जास्त दिसत होती. मक्याचं पीक जळतंय, देव ऐकत नाही, मग आणखी मोठं काहीतरी द्या. मग त्याहून मोठं. ही शीट मला ओळखीची होती, मंडळी.

तेवढ्यात ही हळूच म्हणाली, "त्यांच्या आयांना कोणी विचारलं असेल का रे?"

या एका प्रश्नाने माझा सगळा हिशोब उघडा पडला. सोमवारचा उपास मी बोललो होतो, दोघांच्या वतीने. हिला विचारलं नव्हतं. इंजेक्शनं हिला, मळमळ हिला, रात्रभर झोप नाही ती हिला, आणि सोमवारी पाण्यावर राहायचं तेही हिने. नवस माझा, आणि देवापुढे ठेवलेलं शरीर दुसऱ्याचं. प्रमाण वेगळं आहे, मान्य. त्या डोहाशी माझी तुलना करायला मला स्वतःलाच लाज वाटते. पण वृत्ती? मनातल्या भीतीची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजायला लावायची, ही वृत्ती तीच.

आता श्लोक परत बघा. पान, फूल, फळ, पाणी. मी नेहमी याचा अर्थ 'देवाला स्वस्तातलंही चालतं' असा घ्यायचो. गरिबांसाठीची सोय, असं काहीतरी. पण यादीत काय आहे त्यापेक्षा काय नाही ते बघा. या चारांतलं काहीही द्यायला कोणाला दुखवावं लागत नाही. आपण आपल्या हाताने तोडलेलं, वेचलेलं, भरलेलं. दुसऱ्याच्या वाट्याचं यात काहीच नाही. आणि देव काय म्हणतो? भक्तीने दिलेलं घेतो. भीतीने दिलेलं, असं म्हणत नाही.

याच अध्यायात थोडं आधी, विसाव्या-एकविसाव्या श्लोकात, यज्ञ करून स्वर्ग मागणाऱ्यांचं सांगितलंय. त्यांना स्वर्ग मिळतो. पण पुण्य संपलं की परत खाली. आपल्या भाषेत, सबस्क्रिप्शन संपलं. भगवंत त्यांना वाईट म्हणत नाहीत, मागितलं ते देतात. पण तो व्यवहार झाला, आणि व्यवहाराला मुदत असते. सव्विसाव्यात व्यवहारच उरत नाही. ओंजळभर पाण्याच्या बदल्यात कोण काय मागणार?

परत येताना गाईडला विचारलं, "आता पावसासाठी काय करतात तुमच्याकडे?" तो म्हणाला, गावांमध्ये अजूनही 'चा चाक' नावाचा विधी होतो. शेतात काठ्या आणि पानांचा मांडव घालून त्याखाली वेदी करतात, मक्याच्या भाकरी आणि मक्याचं पेय ठेवतात. आणि लहान मुलगे वेदीखाली बसून बेडकांसारखा आवाज काढतात, पाऊस यावा म्हणून. तो हसून म्हणाला, "मी पण बेडूक होतो लहानपणी. नंतर भाकरी खायला मिळायची."

मी थक्क झालो. आमच्याकडे धोंडी काढतात! कडुलिंबाचे डहाळे अंगाला बांधलेलं पोर दारोदार फिरतं आणि बायका त्याच्या अंगावर तांब्याभर पाणी ओततात. घरात पाणी नसताना ओततात. तो पावसाचा देव अजून तोच आहे, पाऊसही तेवढाच लहरी आहे, पण आता मुलगा बेडूक होतो, भाकरी खातो आणि संध्याकाळी आईकडे घरी जातो. देवाला काय द्यायचं, याचं उत्तर मला त्या एका वाक्यात मिळालं. ज्या नैवेद्यानंतर सगळे घरी परत येतात, तो नैवेद्य.

दुपारी जवळच्याच इक किल नावाच्या सेनोतेत गेलो, तो पोहण्याचा. उतरण्याआधी सगळ्यांना शॉवर घ्यावा लागतो. अंगावरचं सनस्क्रीन, अत्तर, सगळं धुवायचं, कारण हे पाणी जमिनीखालून पुढे जातं. इथे अंगाचं जे सोडाल ते दुसऱ्या कोणाच्या तरी पाण्यात जाणार. देवळात जाताना पाय धुतो त्याची आठवण झाली. मग दगडात कोरलेल्या ओल्या पायऱ्या उतरत खाली. वर बघितलं तर आभाळाचा गोल तुकडा आणि वडाच्या पारंब्यांसारखी लांबच लांब मुळं पाण्यापर्यंत लोंबणारी. पाणी थंड, गडद निळं, आणि बारीक काळे मासे.

ही लातूरची मुलगी, पोहता येत नाही. लाइफ जॅकेट घालून दोरी धरून उतरली. दहा मिनिटांनी दोरी सोडली आणि पाठीवर पडून राहिली. डोळे मिटलेले. मी शेजारी जाऊन म्हणालो, "ऐक ना, सोमवारचा उपास सोड. चुकलं माझं. तुला न विचारता बोललो."

डोळे न उघडता म्हणाली, "मी तीन आठवड्यांपूर्वीच सोडलाय. ऑफिसमध्ये जेवते. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नव्हतं."

मी बघतच राहिलो. मग म्हणाली, "देवाला सांगितलं होतं. त्याची काही हरकत नव्हती."

मंडळी, मी इतका हसलो की नाकातोंडात पाणी गेलं. आणि मग रडलोही थोडा. पाण्यात ते एक बरं असतं, कोणाला कळत नाही.

चमत्काराची गोष्ट ऐकायला थांबला असाल तर तसं काही झालेलं नाही. चौथा प्रयत्न करायचा की नाही, अजून ठरलेलं नाही. यावेळी आधी ही ठरवेल, मग मी. ती शीटही मी डिलीट केलेली नाही, खोटं कशाला सांगू. फक्त पाच दिवसांत उघडली नाही. आणि नवस वाईट, असंही मी म्हणत नाही. माझ्या आईने माझ्यासाठी नवस केले, त्यात भीती असेल, पण मायाही होती, आणि त्याची किंमत तिने स्वतः मोजली. प्रश्न एवढाच आहे की आपल्या नवसाची किंमत नक्की कोण मोजतंय.

म्हणून आजचा छोटा प्रयोग. उद्या सकाळी देवापुढे एक फुलपात्र पाणी ठेवा. स्वतः भरून, स्वतःच्या हाताने. आणि त्या एका मिनिटात काहीही मागू नका. वाटलं तर त्यानंतर घरातल्या एका माणसाला विचारा, "माझ्या श्रद्धेचा तुला कधी त्रास होतो का?" पहिलं सोपं आहे. दुसऱ्याला धीर लागतो, मला सात वर्षं लागली.

आम्ही आज सकाळी पाणी ठेवलं. नंतर तेच तुळशीच्या कुंडीत घातलं. मग मी वर्षभराने चहा घेतला. हिने केला होता, आलं जरा जास्तच झालं होतं.

उद्या श्लोक २७.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥