सापडले ते कोणाचे?

शास्त्रपाठ : अनुवाद २२:१-३, लेवीय ६:१-७, लूक १५:८-१०



हरवलेल्या नाण्याचा दाखला शब्बाथशाळेतील लहान मुलेही न अडखळता सांगतात. बाई दिवा लावते, घर झाडते, नाणे सापडते आणि शेजारणींना बोलावून आनंद करते. परंतु या दाखल्यात शोधणारी व नाण्याची धनीण एकच आहे. शोधणारा एक आणि धनी दुसराच असला तर काय करावे? याचे उत्तर अनुवादाच्या २२ व्या अध्यायात आहे. भावाचे गुरू, वस्त्र किंवा हरवलेली कोणतीही वस्तू दिसली, तर न पाहिल्यासारखे करून पुढे जाऊ नये. ती परत करावी. धनी दूर असेल वा अनोळखी असेल, तर तो शोधत येईपर्यंत ती आपल्या घरी जपावी, असे तेथे सांगितले आहे.

ही आज्ञा पाळण्याचे एक नवे साधन आज माणसाच्या हाती आले आहे. ते म्हणजे धातुशोधक यंत्र. लांब दांड्याच्या टोकाला थाळीएवढे तारेचे वेटोळे असते. त्यातून विजेचा प्रवाह खेळतो, आणि खाली धातू असला की शोधणाऱ्याच्या कानात आवाज उमटतो. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे लष्करी अधिकारी योझेफ कोसात्स्की यांनी सुरुंग शोधण्यासाठी असे यंत्र तयार केले, आणि १९४२ मध्ये एल अलामीनच्या रणभूमीवर ते वापरले गेले. मृत्यू शोधणारे हे यंत्र आज कोणाच्या तरी लग्नाची अंगठी शोधते.

कॅनडातील व्हँकूव्हरचे क्रिस टर्नर यांनी २००९ साली 'द रिंग फाइंडर्स' या नावाने अशा शोधकांची सूची सुरू केली. समुद्राच्या थंड पाण्यात बोटे आकसतात, अंगठी निसटते आणि वाळूत खाली खाली जाते. असा दागिना हरवलेला माणूस या शोधकांना बोलावतो. त्यांतील पुष्कळजण ठराविक मोल न घेता, वस्तू सापडल्यावर धनी आनंदाने देईल ते घेतात. आपल्याकडील सराफकट्ट्यावर झारेकरी दुकानांचा केरकचरा धुऊन सोन्याचे कण काढतात. तो त्यांचा प्रामाणिक धंदा आहे, आणि निघालेले सोने त्यांचेच असते. या शोधकांचे तसे नाही. सोने हाती लागले, तरी ज्याचे त्याच्या हातात पडेपर्यंत त्यांचे काम संपत नाही.

त्यांच्या या कामातून तीन गोष्टी आपण शिकू या.

पहिली गोष्ट, केर उपसण्याची तयारी. सोन्याची अंगठी आणि पेयाच्या डब्यावरची अॅल्युमिनियमची कडी यांचा आवाज यंत्रात पुष्कळदा सारखाच येतो. म्हणून शोधक किनाऱ्यावर सरळ पट्टे आखतो आणि एकही पट्टा न सोडता चालतो. प्रत्येक आवाजाला खाली बसून तो वाळू उकरतो. वीस वेळा कडी निघेल, म्हणून एकविसाव्या वेळी जो वाकणार नाही, त्याला अंगठी सापडणार नाही. मंडळीपासून दूर गेलेल्या माणसाच्या घरी आपण किती वेळा जातो? दोनदा दार बंद दिसले की आपली पावले थांबतात.

दुसरी गोष्ट, सापडल्यावर थांबणे. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी इंग्लंडच्या सफोक परगण्यातील हॉक्सन गावी एरिक लॉज नावाचे गृहस्थ आपल्या शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा यंत्राने शोधत होते. हातोड्याऐवजी रोमन काळातील सोन्यारुप्याची नाणी व दागिने निघू लागले. त्यांनी उकरणे थांबवले आणि अधिकाऱ्यांना कळवले. पुराणवस्तुशास्त्रज्ञांनी तो ठेवा नीट बाहेर काढला. त्यात सुमारे १५ हजार नाणी होती. सरकारने १७ लाख ५० हजार पौंड बक्षीस दिले, आणि लॉज यांनी ते त्या मित्राबरोबर वाटून घेतले. हातोडाही सापडला. ठेव्याबरोबर तोही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आपल्या देशातही १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा गाडलेला ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. परंतु कायद्याचा डोळा शेतात पोहोचण्यापूर्वी देवाचा डोळा तेथे असतो.

तिसरी गोष्ट मी माझ्या लाजेनिशी सांगतो. विद्यार्थी असताना, एका लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, मला मंदिराच्या आवारात सोन्याची एक कुडी सापडली. "कोणी विचारले तर देईन," असे मनाशी म्हणून मी ती पेटीत ठेवली. मला कोण विचारणार? तिसऱ्या रविवारी कानावर आले की, लग्नात भांडी घासायला आलेल्या बाईवर संशय घेतला जात आहे. त्याच संध्याकाळी मी कुडी पाळकसाहेबांकडे नेऊन दिली. ती धनिणीला मिळाली, आणि सर्वांनी माझ्या प्रामाणिकपणाची वाहवा केली. ती वाहवा मी मुकाट्याने घेतली. भांडी घासणारी ती बाई मात्र पुन्हा त्या आवारात आली नाही.

लेवीयात म्हटले आहे की, सापडलेली वस्तू नाकारणाऱ्याने ती परत करताना पाचवा हिस्सा अधिक द्यावा, आणि मग दोषार्पण आणावे. आधी माणसाचे देणे, मग वेदी. कुडी मी दिली. त्या बाईच्या दारी जाऊन क्षमा मागणे हा माझा पाचवा हिस्सा होता, तो मी दिला नाही. आज ती हयात नाही. देवाने मला क्षमा केली आहे, यावर माझा विश्वास आहे. तरीही तिच्याकडे जाण्याची वेळ मी दवडली, हे खरेच आहे.

घरातला दागिना हरवला की पहिला संशय मोलकरणीवर, नाही तर नव्या सुनेवर जातो. म्हणून दागिना परत येतो तेव्हा केवळ सोने परत येत नाही, कोणाचे तरी नाव परत येते. शिक्षकांनो, वर्गात सापडलेली पेन्सिल किंवा रुमाल मुलाने आणून दिला, तर "शाबास" म्हणून ती वस्तू टेबलात टाकू नका. त्या मुलाला बरोबर घेऊन धनी शोधा.

आपणही हरवलेले होतो. ख्रिस्ताने आपल्याला केरातून शोधून काढले आणि पित्याच्या हाती परत दिले. मग आपल्या पेटीत दुसऱ्याचे काय आहे? वस्तू असेल, मजुरी असेल, कोणाचे तरी चांगले नाव असेल. त्याचा धनी हयात आहे तोपर्यंत ते घेऊन त्याच्या दारी जाण्याचे धैर्य प्रभू आपणा सर्वांस देवो. आमेन.