मौनाची नोंद

रुग्णाने व्यथा सांगावी, वैद्याने ती ऐकावी आणि ऐकलेले टिपून ठेवावे, हा क्रम जुना आहे. अमेरिकेतील रुग्णालयांत यातील तिसरे काम आता यंत्राकडे जाऊ लागले आहे. १९९७ साली आलेल्या 'ड्रॅगन नॅचरली स्पीकिंग' या प्रणालीने सलग बोललेले शब्द टिपण्याची सोय केली; त्यापूर्वी शब्दाशब्दाला थांबून बोलावे लागे. आता तर डॉक्टरने मुद्दाम सांगण्याचीही गरज उरलेली नाही. मेजावरचा फोन दोघांचा संवाद ऐकतो आणि तपासणीचे टिपण तयार करून देतो.

ही गरज खोटी नव्हती. २००९ च्या कायद्याने तेथे संगणकीय नोंदींना चालना मिळाली आणि डॉक्टर कारकून झाला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार, रुग्णासमोरच्या प्रत्येक तासामागे डॉक्टरांचे जवळजवळ दोन तास नोंदी व टेबलावरील कामात जात होते. ज्याने आजाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहायचे तो पडद्याकडे पाहू लागला. यंत्र त्याची मान पुन्हा वर करणार असेल, तर त्याचा दुस्वास करण्याचे आम्हांस कारण दिसत नाही.

परंतु यंत्र चुकते. २०१८ साली तेथील दोन आरोग्यसंस्थांमधील २१७ टिपणे तपासली गेली, तेव्हा यंत्राच्या कच्च्या मजकुरात शंभर शब्दांमागे सरासरी ७.४ चुका निघाल्या. व्यावसायिक लेखनिकांनी तपासल्यावर त्या ०.४ वर आल्या. डॉक्टरांच्या सहीनंतर ०.३. म्हणजे सुधारणेचा जवळजवळ सगळा भार मधल्या माणसाने वाहिला. (हे लेखनिकाचे काम भारतातही येत असे; आपल्याकडील कित्येक तरुण-तरुणींनी कानाला हेडफोन लावून, परक्या डॉक्टरांचे उच्चार उलगडत रात्री जागवल्या आहेत.) नव्या व्यवस्थेत हा मधला माणूसच बहुधा गळून पडतो.

ऐकण्यातील चूक समजण्यासारखी आहे. पंधराचे पन्नास माणसाच्या कानालाही ऐकू येतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र वेगळाच दोष आढळला. 'व्हिस्पर' या प्रणालीने टिपलेल्या ध्वनिखंडांपैकी सुमारे १ टक्क्यात कोणीही न उच्चारलेली वाक्ये आढळली आणि त्यांतील ३८ टक्के हानिकारक स्वरूपाची होती. मेंदूच्या आघाताने वगैरे ज्यांची वाणी अडखळते, त्यांच्या बोलण्यात हे अधिक घडले, कारण त्यांच्या बोलण्यात थांबे अधिक असतात. शांतता पसरली की यंत्र तिथे शब्द भरते.

आजाऱ्यांच्या उशाशी बसण्याचे काम आमच्याही वाट्याला येते. बोलता बोलता आजारी थांबतो, भिंतीकडे पाहतो, आणि मग जे खरे सांगायचे ते सांगतो. कधी सांगतही नाही. त्या थांबण्याला अर्थ असतो. तिथे परक्याचे वाक्य घालणे म्हणजे ज्याला बोलता येत नाही त्याच्या तोंडी साक्ष घालणे होय.

मग हे असत्य कोणाचे? संत ऑगस्टीन यांनी असत्य भाषणाचा विचार करताना फसवण्याचा हेतू महत्त्वाचा मानला. यंत्राला हेतू नाही; डॉक्टर ते वाक्य बोललेला नाही; रुग्ण तर नाहीच. कोणीही खोटे न बोलता खोटे कागदावर आले. आमच्या मते प्रश्न वाक्यापाशी नसून सहीपाशी आहे. रोमकरांस लिहिलेले पत्र पौलाने सांगितले आणि तर्त्याने लिहून घेतले; पण अन्य पत्रांच्या अखेरीस पौल स्वहस्ते चार शब्द लिहितो, ते उगाच नव्हे. सही म्हणजे 'हे मी वाचले आहे' हे विधान. न वाचता केलेली सही मात्र पूर्णपणे माणसाची असते, आणि तिचा हेतूही माणसाचाच.

आणखी एक अडचण आहे. यांपैकी एका कंपनीची प्रणाली मूळ ध्वनिमुद्रण पुसून टाकते, असे २०२४ साली वृत्तसंस्थेने प्रसिद्ध केले. कारण माहितीची सुरक्षितता. गोपनीयतेचे मोल आम्ही जाणतो, आमच्या व्यवसायाला ते सांगावे लागत नाही. तरीही रुग्णाने टिपण वाचून होकार देईपर्यंत तो आवाज जपला जावा, असे आम्हांस वाटते. २०२१ पासून अमेरिकेत रुग्णाला आपली टिपणे संगणकावर त्वरित पाहता येतात, म्हणजे वाट मोकळी आहे. वाचा गेलेल्या रुग्णाशेजारी बसून ते टिपण सावकाश वाचून दाखवायला आणि त्याच्या मानेची हालचाल पाहायला मात्र कोणीतरी नेमावे लागेल.