निशाणावरचा क्रूस

(लूक १९:१–१०)

जक्कयाची गोष्ट आपल्या मंडळ्यांतील लेकरांसही तोंडपाठ आहे. तो ठेंगणा होता, उंबरावर चढला, प्रभू त्याच्या घरी उतरला, हे सर्वजण मोठ्या हौसेने सांगतात. परंतु त्या घरी जक्कय काय बोलला हे सांगण्याची वेळ आली म्हणजे पुष्कळांचा आवाज बारीक होतो. अर्धी मालमत्ता दरिद्र्यांस, आणि अन्यायाने घेतलेले चौपट परत! ह्या बोलाचे वजन कळावे म्हणून आम्ही आज एका दूर देशाचा इतिहास वाचकांपुढे ठेवीत आहो.

इ. स. १५१९ मध्ये हेर्नान कोर्तेस नावाचा स्पॅनिश सरदार सुमारे पाचशे शिपाई व सोळा घोडे घेऊन मेक्सिकोस गेला. त्याच्या निशाणावर क्रूस होता. उत्तम शुक्रवारी त्याची माणसे किनाऱ्यावर उतरली, आणि तेथे वसविलेल्या गावास त्यांनी 'खऱ्या क्रूसाचे श्रीमंत नगर' असे नाव दिले. श्रीमंती व क्रूस एकाच नावात! त्याच्या चरित्रकाराने लिहिले आहे की, आम्हांस हृदयाचा एक रोग आहे व त्यास सोने हेच औषध, असे कोर्तेसने तेथील अधिकाऱ्यास सांगितले. थट्टेत का होईना, माणूस खरे बोलून गेला.

त्याआधी काही दिवस, ताबास्को प्रांतात लढाई जिंकल्यावर, तेथील नायकांनी त्यास वीस स्त्रिया नजर केल्या. ओल्मेदो नावाच्या पाद्र्याने त्यांस बाप्तिस्मा दिला, आणि लागलीच कोर्तेसने त्या आपल्या सरदारांस वाटून दिल्या. त्यांपैकी एक मरीना. तीच पुढे त्याची दुभाषी झाली व तिच्या जिभेवाचून त्याचे एक पाऊलही पुढे पडते ना. बाप्तिस्म्याचे पाणी डोक्यावर वाळले नाही तोच त्या भगिनी दासी म्हणून वाटल्या गेल्या. उपदेशक बंधूंनो, येथे क्षणभर थांबा. त्या वीस जणींस प्रभूविषयी काय समजले असेल?

कोणी म्हणेल, अझ्टेक लोक तरी कोठे निर्दोष होते? ते माणसांचे बळी देत, शेजारच्या लोकांपासून जबर खंडणी घेत. हे खरे आहे, आणि आम्ही ते झाकीत नाही. म्हणूनच त्लाश्कालाचे हजारो योद्धे स्पॅनिशांस मिळाले; त्यांच्यावाचून मूठभर परक्यांच्याने ते राज्य पडते ना. परंतु शेजाऱ्याच्या पापाने आपल्या हातास लुटीची मोकळीक मिळते काय? १५२० च्या मे महिन्यात राजधानी टेनोच्टिट्लान येथे सण चालला असता, देवळाच्या अंगणात नाचणाऱ्या निःशस्त्र लोकांस आल्वारादो नामक सरदाराने कापून काढिले. मग देवीची साथ आली. त्या भूमीने हा रोग पूर्वी पाहिलाच नव्हता. पुढे वेढा पडला, आणि १३ ऑगस्ट १५२१ रोजी नगर पडले. शेवटचा राजा क्वाउतेमोक ह्याने दडविलेले सोने दाखवावे म्हणून त्याचे पाय भाजण्यात आले.

ते तर रोमन मंडळीचे लोक होते, आमचे नव्हेत, असे म्हणून हात धुऊ नका. प्रॉटेस्टंट म्हणविणाऱ्यांनीही उत्तर अमेरिकेत मूळ रहिवाशांच्या जमिनी हिसकावून घेतल्याच. शिवाय त्याच मंडळीत उलट बोलणारेही निघाले. त्लाश्काला येथे कोर्तेस मूर्ती फोडावयास निघाला तेव्हा ह्याच ओल्मेदोने त्यास अडविले: जुलमाने कोणास ख्रिस्ती करणे योग्य नाही, ह्या देवळातून मूर्ती काढली तर ते दुसऱ्या देवळात नेतील, मग लाभ काय? हे त्याच्या सोबतच्या शिपायाने, बेर्नाल दियास ह्याने, नमूद केले आहे. बाप्तिस्मा देताना हे शहाणपण ओल्मेदोस का आठवले नाही, हा प्रश्न आमच्या मनात राहतोच.

त्याहून धीट बार्तोलोमे दे लास कासास. क्यूबा बेटात त्याच्या पदरी जमीन व राबणारे रहिवासी होते. १५१४ मध्ये त्याने ते सोडून दिले. पुढे मेक्सिकोच्या दक्षिणेस च्यापास येथे तो बिशप झाला, आणि त्याने आपल्या पाद्र्यांस बजाविले की, ज्याने रहिवाशांस लुटले तो लूट परत करीपर्यंत त्यास पापक्षमेचे वचन देऊ नये. गोरे वसाहतवाले खवळले. त्यास स्पेनास परतावे लागले. जक्कयाच्या घरातला बोल त्यांस आपल्या घरात नको होता.

कोर्तेस स्वतः १५४७ च्या डिसेंबरात स्पेनात, सेव्हिल नगराजवळ मरण पावला. त्यापूर्वी सुमारे दोन महिने त्याने मृत्युपत्र केले. त्यात एक कलम आहे: त्या देशचे लोक गुलाम म्हणून ठेवणे शुद्ध विवेकाने योग्य आहे किंवा नाही ह्याविषयी फार दिवस संशय आहे, तरी ह्याचा निर्णय करून घ्यावा, असे त्याने आपल्या पुत्रास आज्ञापिले. जक्कयाने प्रभूसमोर उभे राहून त्याच दिवशी हिशेब केला होता. कोर्तेसाजवळ अठ्ठावीस वर्षे होती, आणि तो हिशेब त्याने मुलाकडे ठेविला.