16 लिहिलं की सुटलो

काचबिंदूच्या केसपेपरवर डोळ्याच्या दाबाचा रकाना असतो. त्यात 16 लिहिलं की मला हायसं वाटतं. 10 ते 21 हा नेहमीचा पट्टा, आकडा मधोमध, पेशंट खूश, रांग पुढे सरकते. पण ज्या डोळ्यात फूल पडलंय, तिथे हा 16 नेमका कशाचा?

मावळात अशी फुलं नवी नाहीत. आंदर, पवन, नाणे, तिन्ही मावळ भाताचे. कापणी-झोडणीत पात किंवा कुसळ डोळ्याला लागतं, कधी बुरशी धरते, व्रण भरतो आणि बुबुळावर पांढरा डाग राहतो.

बर्नच्या हान्स गोल्डमान यांनी 1950च्या दशकात घडवलेलं टोनोमीटर बुबुळाचा 3.06 मिलिमीटर व्यासाचा गोल सपाट करायला किती जोर लागतो ते पाहतं. त्यांचं गणित सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीच्या निरोगी बुबुळावर बेतलेलं आहे. व्रणाची ताठ खूण दबत नाही, आकडा चढतो. पाणी भरून सुजलेलं बुबुळ चटकन दबतं, आकडा उतरतो. आत नस मरत असली तरी. डाग ओबडधोबड असेल तर फ्लुरेसिनची दोन हिरवी अर्धवर्तुळं वेडीवाकडी दिसतात, आणि ती जुळली असं मी ठरवून टाकायला बघतो.

हे सगळं मला पाठ आहे, म्हणून अज्ञानाची सबब चालणार नाही. शंका बोलून दाखवायला वेळ लागतो, आणि “मावशी, हा आकडा पक्का नाही” म्हटलं की आपली किंमत कमी होईल असं वाटतं, हे खरं कारण. लावणीच्या दिवसांत पुण्याला पाठवलं तर तिची मजुरी बुडेल, हेही खरंच. पण तिच्या मजुरीची काळजी मला नेमकी रांग मोठी असतानाच का आठवते?

रिबाउंड टोनोमीटरचं टोक लहान असतं, डागाशेजारच्या स्वच्छ भागावर टेकवता येतं. तो आकडाही सोवळा नाही. मात्र दर वेळी तेच यंत्र, तीच जागा ठेवली तर चढउतार कळतो. फूल इतकं दाट असेल की मागची नस दिसतच नाही, तेव्हा मिटल्या पापणीवर दोन बोटं ठेवून दुसऱ्या डोळ्याशी ताडून बघायचं. जुनी, ढोबळ रीत. तरी “दुसऱ्यापेक्षा कडक” हे दोन शब्द मला खोट्या 16पेक्षा प्रामाणिक वाटतात. हल्ली आकड्यापुढे यंत्राचं नाव आणि जागा लिहितो.

अवघड जातं ते थेंबांचं. चढा आकडा खरा मानला तर जन्मभराचा खर्च तिच्या माथी. खोटा मानला आणि चुकलो तर गेलेली नजर परत येत नाही. दोन्ही बाजू सांगितल्या की उत्तर येतं, “तुम्हीच ठरवा, डॉक्टर.” अशा वेळी मी थेंब सुरू करतो आणि महिन्याने त्याच यंत्रावर मोजायला बोलावतो. फरक पडला नाही तर पुण्याची चिठ्ठी, लावणी असो वा नसो.