कुठले तुम्ही?

आमच्या टेंभुर्णीत नवा माणूस दिसला की त्याचे नाव नंतर विचारतात. आधी विचारतात, "कुठले तुम्ही?" या प्रश्नात खेड्याची आपुलकी आहे. उत्तर मिळाले की कुठली तरी ओळख निघते, चहा येतो. पण हाच प्रश्न सरकार विचारू लागले की त्याचा कागद होतो. मग कोणाला काम मिळणार, कोणाला किती मजुरी, कोण कुटुंबासह राहू शकणार, हे त्या कागदावर ठरते. परक्याचे श्रम घ्यावेत, पण माणूस म्हणून त्याला आपल्यात घेऊ नये, हे न्यायाचे आहे काय? हा प्रश्न आम्हांला काही वर्षांपासून छळतो आहे.

आमच्या मुलखाला तो नवा नाही. १९४८ पूर्वी जाफराबादचा हा सारा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि शेजारचा बुलढाणा इंग्रजी अमलाखालच्या वऱ्हाडात. दोन्हीकडे बोली एक, भाकरी एक. तरी सरकारी नोकरीच्या बाबतीत इकडचा माणूस 'मुलकी' आणि तिकडचा 'गैरमुलकी'. १९१९ च्या फर्मानाप्रमाणे बाहेरच्याला मुलकी होण्यासाठी संस्थानात १५ वर्षे सलग राहावे लागे. हा नियम केवळ दुष्टाव्यातून आला नव्हता. बाहेरचे शिकलेले लोक येऊन मोठ्या जागा अडवतात, ही इथल्या तरुणांची तक्रार खरी होती. परंतु अशी रेषा एकदा आखली की ती आखणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर संस्थानातील अरब आणि पठाणांवर परकेपणाचा शिक्का बसला आणि त्यांना देशाबाहेर पाठवण्याचे प्रयत्न झाले. त्यांच्यात इथेच जन्मलेले लोकही होते.

पुढे आमचीच माणसे परकी व्हायला स्वतःहून निघाली. कोरडवाहू शेतीने पाठ फिरवली, तसा कोणी पुण्याला गेला, कोणी मुंबईला, कोणी आखातात. दहावी न झालेल्या माणसाला आखातात नोकरीला जायचे तर १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली सरकारी परवानगी लागते. गरीब कामगार फसू नये, हा त्यामागचा हेतू. घडते असे की, ज्याला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज त्याच्याच वाटेत सर्वांत जास्त कागद येतात. कंटाळून तो एजंटचे ऐकतो, पर्यटकाच्या व्हिसावर जातो आणि कायद्याच्या नजरेबाहेर पडतो.

तिथे गेल्यावर कफालत. आमचा एक भाचा रियाधमध्ये एका घरी गाडी चालवत होता. पासपोर्ट मालकाच्या, म्हणजे कफीलच्या कपाटात. दुसरीकडे जास्त पगार मिळत होता, पण कफीलची सही मिळेना. बाजारात आपल्या श्रमाचा जो भाव आहे तो मागण्याची मुभाच ज्याला नाही, त्याची मजुरी वाढणार कशी? मार्च २०२१ मध्ये सौदी सरकारने नोकरी बदलण्याचे नियम सैल केले, तेव्हाही घरकामगार आणि घरगुती चालक त्यातून वगळलेलेच राहिले. त्याआधी जुलै २०१७ पासून परदेशी कामगारांच्या सोबत राहणाऱ्या बायकामुलांवर दरमहा माणशी १०० रियाल शुल्क बसले. ते दरवर्षी वाढत २०२० मध्ये ४०० वर गेले. नात्यातल्या एकाने हिशेब केला आणि कुटुंब परत पाठवले. घरावर स्लॅब पडला, मुलीचे लग्न थाटात झाले. बाप मात्र फोनमध्येच राहिला.

आम्ही याला जुलूम म्हणतो. पण सौदी अरेबियाने २०११ मध्ये 'निताकत' आणून कंपन्यांत स्थानिकांचे प्रमाण ठरवून दिले, तेव्हा त्यांचेही म्हणणे हेच होते की आमची पोरे बेकार आहेत. आणि आपल्या महाराष्ट्रात उद्योगांतील ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना मिळाव्यात, या मागणीला आपणही माना डोलावल्या आहेत. मुलकीचा नियम, निताकत आणि भूमिपुत्राची मागणी ही एकाच घरातली भावंडे आहेत.

स्थानिक मजुराची भीती खोटी नाही. बाहेरचा माणूस आला की मजुरी पडते, असा अनुभव अनेकांचा आहे. पण ती का पडते, हे पाहिले पाहिजे. बाहेरचा माणूस हक्कावाचून येतो म्हणून तो मालकाला स्वस्त पडतो. त्याला तोच दर, तीच सुटी आणि काम सोडून जाण्याची तीच मोकळीक मिळाली, तर मालकाला त्याचे वेगळे आकर्षण उरणार नाही. परक्याचा हक्क काढून घेतल्याने स्थानिकाचे रक्षण होत नाही, उलट त्याच्याच मजुरीला भोक पडते.

आपल्या देशाने हे एकदा ओळखले होते. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदारामार्फत आलेल्या परप्रांतीय मजुराला स्थानिकाइतकी मजुरी, विस्थापन भत्ता आणि गावी जाण्यायेण्याचा प्रवासभत्ताही देऊ केला. हा कायदा आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेत मिसळला आहे. तो अमलात असताना काय झाले, हे आमच्या जिल्ह्याला सांगायला नको. जालन्याच्या सळईच्या कारखान्यांत भट्टीसमोर उभे राहायला दूरदूरचे मजूर येतात. ७ मे २०२० च्या संध्याकाळी मध्य प्रदेशातले असेच २० मजूर जालन्याहून भुसावळच्या दिशेने रुळांवरून चालत निघाले. करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले. पहाटे आलेल्या मालगाडीखाली १६ जण गेले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्या साऱ्या देशाने पाहिल्या. प्रवासाच्या पाससाठी अर्ज केला होता, उत्तर आले नाही, असे वाचलेल्यांनी सांगितले. त्याच ७ मे रोजी आखातात अडकलेल्या भारतीयांना घेऊन पहिली विमाने केरळात उतरली होती. ती उतरलीच पाहिजे होती. पण भट्टीपासून घरापर्यंतची वाट कोणी मोजली नव्हती.

हे लिहिताना आम्ही न्यायाधीशाच्या खुर्चीत बसू शकत नाही. त्या वर्षी आमच्या मागच्या खोलीत उत्तर प्रदेशचा एक फरशी बसवणारा तरुण राहत होता. 'बाहेरचा' म्हणून त्याच्याकडून आम्ही गावच्या दरापेक्षा दोनशे रुपये भाडे जास्त घेत होतो. जुमाच्या नमाजला तो आमच्याच सफमध्ये उभा राहत असे. एप्रिलमध्ये तो दारात आला. म्हणाला, "चाचा, मैं यहाँ रहता हूँ, इतना लिख के साइन कर दो. रेशन की लिस्ट में नाम डालना है." दिल्लीच्या मरकजच्या बातम्यांनंतर आमच्या मोहल्ल्यावरच संशयाची नजर होती. घरात परप्रांतीय आहे हे लेखी द्यायला आम्ही घाबरलो. "बाद में देखेंगे," म्हणालो. तिसऱ्या दिवशी खोलीला कुलूप होते. किल्ली उंबऱ्यावर ठेवलेली.

त्याच रात्री रियाधहून भाच्याचा फोन आला, कफील सही देत नाही म्हणून. आम्ही कफीलला यथेच्छ शिव्या घातल्या आणि फोन ठेवल्यावर समजले की टेंभुर्णीतले कफील आम्हीच आहोत. कफील म्हणजे खरे तर जामीन राहणारा, जबाबदारी घेणारा. यतिमाचा सांभाळ करणाऱ्यालाही हाच शब्द आहे. त्या शब्दाचा पासपोर्ट कोंडून ठेवणारा मालक कसा झाला, हे समजायला आम्हांला सौदीला जावे लागले नाही.

हिजरतची एक हकीकत आपण सारे ऐकत आलो आहोत. मक्केहून रिकाम्या हाताने आलेल्या अब्दुर्रहमान बिन औफ यांना मदीनेच्या साद बिन रबी यांनी आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. अब्दुर्रहमान यांनी दुआ दिली आणि एवढेच विचारले की बाजार कुठे आहे? वाझमध्ये आपण साद यांच्या औदार्याची तारीफ करतो. पाहुण्याने काय मागितले, इकडे लक्ष जात नाही. त्याला कमावण्याची मोकळी वाट हवी होती. आपल्यापैकी कोणी कोणाला अर्धे घर देणार नाही. पण बाजाराची वाट दाखवणे, रास्त दर आणि एक सही, एवढे तर आपल्या हातात आहे. धोरण दिल्लीत किंवा रियाधमध्ये ठरते, पण ते अमलात येते ते आपल्यासारख्यांच्या उंबऱ्यावर.

तो तरुण पुन्हा आला नाही. गेल्या वर्षी त्याच खोलीत बिहारचा एक जण राहायला आला. भाडे गावच्या दराने ठरवले आणि पहिल्याच आठवड्यात करारनामा करून त्यावर सही केली. यात मोठेपणा काही नाही. एका जुन्या बाकीचा हा पहिला हप्ता आहे, आणि ज्याची बाकी आहे त्याचा पत्ताही आम्ही कधी विचारला नव्हता. "कुठले तुम्ही?" एवढेच विचारले होते.